कळकू नये म्हणून

मराठीत ‘कळकणं’ असं एक क्रियापद आहे. पितळेच्या गडूत ताक राहिलं, कल्हई उडालेल्या पातेल्यात चिंचेचं सार रात्रभर तसंच राहिलं, की सकाळी त्यावर हिरवट झाक येते आणि घोटभर घेतलं तर जिभेवर तुरट, धातूची चव रेंगाळते. ‘कळकलंय, ओतून दे,’ एवढंच म्हणून घरातलं कोणीतरी ते मोरीत ओततं. दूध नासतं, पीठ आंबतं, वरण विटतं. तिथे बिघाड पदार्थात झालेला असतो. कळकण्यात पदार्थाचा काही दोष नसतो, खोट भांड्यात असते. अन्न आणि भांडं जिथे एकमेकांना टेकतात तिथे काहीतरी घडतं, भांड्याचा अंश अन्नात उतरतो. या घटनेला वेगळं नाव हवं, हे आपल्या भाषेला प्रयोगशाळा निघण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

हे पुस्तक त्या एका क्रियापदाबद्दल आहे. इथलं भांडं मात्र स्वयंपाकघरातलं नाही. ते दूधसंघातला पाश्चरायझर आहे, आंब्याचा गर काढणारा पल्पर आहे, फरसाणाच्या कारखान्यातला पट्टा आहे, मसाल्याच्या चक्कीचा हॉपर आहे. यंत्राचा जो जो भाग अन्नाला शिवतो तो कशाचा बनलाय, त्यातून अन्नात काय उतरतं, किती उतरतं, आणि जे उतरतं ते खाणाऱ्याला अपाय करणार नाही असं लिहून देण्याचा अधिकार कोणाला, कशाच्या आधारावर, हा या पुस्तकाचा विषय. इंग्रजी ग्रंथांत या उतरण्याला मायग्रेशन म्हणतात. त्याला ‘स्थलांतर’ म्हणणं मला जमलं नाही. स्थलांतर माणसं करतात, पक्षी करतात. रंग, वास, अर्क, कस हे उतरतात. म्हणून पुस्तकभर मी ‘उतरणं’ हाच शब्द ठेवला आहे, आणि जिथे कारखान्यात मायग्रेशन म्हणतात तिथे मायग्रेशन.

हा विषय किती गंभीर आहे हे सांगायला मला परदेशात जावं लागत नाही. पुणं पुरेसं आहे. विसाव्या शतकात आपल्याकडे तान्ह्या आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांना यकृताचा एक आजार होत असे. त्याचं वैद्यकातलं नावच ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ असं पडलं होतं. यकृत वाढून कडक व्हायचं, पोट फुगायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावायची. एकाच घरातली दोन-दोन मुलं गेल्याच्या नोंदी आहेत. या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण भयंकर वाढलेलं असे. हे तांबं येतं कुठून, याचा माग पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर काढला. 1983 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. या मुलांना फार लहान वयात वरचं दूध सुरू झालेलं होतं, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापवलेलं, ठेवलेलं असे. पुढच्या संशोधनात दिसलं की दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं आणि ते तसंच पोटात घेऊन जातं. आजारात आनुवंशिकतेचा काही वाटा असावा, यावर चर्चा होत राहिली. पण घराघरांतली पितळी भांडी बदलली, पालकांना सांगितलं गेलं, आणि जो आजार वॉर्ड भरून दिसायचा तो नव्वदच्या दशकापर्यंत दुर्मीळ झाला.

मला या हकिगतीतली एक गोष्ट कधीच विसरता येत नाही. त्या आयांना ‘कळकणं’ हा शब्द ठाऊक होता. पितळेत ताक ठेवायचं नाही, लोणचं ठेवायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. ताकाने चुगली केली असती. दुधाने केली नाही. ते पांढरं होतं, पांढरंच राहिलं. तांबं केसीनच्या कुशीत लपून बाळाच्या पोटात गेलं. जीभ आणि डोळे फार मोठे परीक्षक आहेत, पण त्यांची हद्द इथे संपते, आणि मोजमापाची गरज इथे सुरू होते.

आता हीच भीती कारखान्याच्या मापाने पाहा. घरात एका पातेल्याला एक पृष्ठभाग असतो आणि तो रोज कोणाच्या तरी हाताखालून जातो. दुधाच्या एखाद्या मध्यम कारखान्यात टँकर रिकामा करण्याच्या होजपासून पिशवी भरणाऱ्या नोझलपर्यंत दूध शेकडो पृष्ठभागांना घासून जातं. त्यातला बहुतेक भाग चकचकीत स्टीलचा असतो आणि पाहुण्यांना तोच दाखवतात. पण प्लेट हीट एक्सचेंजरच्या प्रत्येक दोन प्लेटांमध्ये रबराची गॅस्केट असते, प्रत्येक एसएमएस युनियनमध्ये रिंग असते, पंपाच्या शाफ्टवर सील असतं, व्हॉल्व्हमध्ये डायफ्रॅम असतो, टाकीच्या झाकणाला पट्टी असते, लेव्हल पाहायची काच असते, आणि कुठेतरी कोणीतरी घाईत बसवलेला नायलॉनचा बुश असतो. हे सगळं दूध पाहतं. माणूस पाहत नाही. आणि दर रात्री या सगळ्यावरून सीआयपीचा, म्हणजे यंत्र न उघडता करायच्या धुलाईचा, गरम कॉस्टिक सोडा जातो, मग नायट्रिक आम्ल जातं, 70–80 अंशांची वाफाळती धुलाई होते. अन्नापेक्षा ही धुलाईच रबराला जास्त झिजवते, हे यंत्र विकणारा क्वचितच सांगतो.

अशा यंत्राबद्दल विचारलं की हमखास एक उत्तर येतं: ‘मॅडम, सगळं फूड ग्रेड आहे.’ गेल्या कित्येक वर्षांत मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की या पुस्तकाचा निम्मा भाग त्या दोन शब्दांना उत्तर म्हणून लिहिला आहे असं म्हटलं तरी चालेल. ‘फूड ग्रेड’ हा पदार्थाचा गुणधर्म नाही. तांबं फूड ग्रेड आहे का? साखरेच्या पाकाला तांब्याची कढई शतकानुशतकं चालत आली आहे. ताकाला तीच कढई चालत नाही. पदार्थ एकटा कधीच सुरक्षित किंवा घातक नसतो. तो एखाद्या अन्नाबरोबर, एखाद्या तापमानाला, एखाद्या कालावधीपुरता सुरक्षित असतो. म्हणून खऱ्या प्रमाणपत्रात या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात: कोणतं अन्न, किती अंश, किती वेळ. ज्या कागदावर फक्त ‘फूड ग्रेड’ असा शिक्का आहे तो कागद काहीच सांगत नाही.

हे मोजायचं कसं, याची पद्धत सुंदर आहे. प्रयोगशाळेत खरं लोणचं घेऊन चाचणी करता येत नाही, कारण लोणच्यात आधीच असंख्य पदार्थ असतात; त्यात गॅस्केटमधून काय आलं ते निवडून काढणं म्हणजे चिवड्यातून मीठ वेचण्यासारखं. म्हणून अन्नाचं सोंग घेणारे साधे द्रव वापरतात. युरोपीय नियमांत आंबट पदार्थांसाठी 3 टक्के ॲसिटिक आम्ल, पाणीदार पदार्थांसाठी 10 टक्के इथेनॉल, दुधासारख्यांसाठी 50 टक्के इथेनॉल, तेलातुपासाठी वनस्पती तेल. आपल्या आयएस 9845 या मानकात तेलकट पदार्थाच्या जागी एन-हेप्टेन येतं. नमुना या द्रवात ठरलेल्या तापमानाला ठरलेला काळ बुडवून ठेवतात. दीर्घकाळ साठवणुकीसाठी नेहमीची अट म्हणजे 40 अंशांवर 10 दिवस. मग द्रव आटवतात आणि तळाशी जो साका राहतो तो तोलतात. प्लास्टिकसाठी युरोपची मर्यादा आहे दर चौरस डेसिमीटरला 10 मिलिग्रॅम. चौरस डेसिमीटर म्हणजे साधारण तळहाताएवढी जागा, आणि 10 मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या चिमटीचा लहानसा अंश. एक किलो अन्नाला असे 6 तळहात लागतात असं गृहीत धरलं की हीच मर्यादा किलोला 60 मिलिग्रॅम होते. भारतातही पॅकेजिंगला हेच आकडे लागू आहेत.

पण या एकूण आकड्यावर विसंबून राहणारे फसतात. साक्याचं वजन फक्त एवढंच सांगतं की माल किती ‘सुटतो’. जे सुटलं ते काय आहे, हे ते सांगत नाही. मेणाचा अंश 5 मिलिग्रॅम उतरला तर बहुधा काही बिघडत नाही. काही ॲरोमॅटिक अमाइन्स त्याच्या हजाराव्या हिश्शाने उतरले तरी माल नाकारावा लागतो. म्हणून शेकडो पदार्थांसाठी वेगवेगळ्या मर्यादा ठरलेल्या आहेत, आणि चांगलं प्रमाणपत्र एकूण साका आणि नेमके पदार्थ अशा दोन्ही प्रश्नांना उत्तर देतं.

यंत्राच्या भागांना आणखी एक चाचणी असते, आणि मला ती सगळ्यांत शहाणपणाची वाटते. पिशवी एकदा वापरून फेकतात; गॅस्केट महिनोन्‌महिने तीच असते. म्हणून पुन्हापुन्हा वापरायच्या वस्तूचा तोच नमुना ताज्या द्रवात तीनदा तपासतात. पहिल्या वेळी जास्त उतरतं, दुसऱ्या वेळी कमी, तिसऱ्या वेळी आणखी कमी असायला हवं, आणि तिसरा आकडा मर्यादेत बसायला हवा. उलटा चढत गेला तर माल आतून फुटतोय असं समजायचं. अमेरिकेच्या रबरासाठीच्या नियमातही हाच विचार आहे. पाणीदार अन्नासाठीच्या रबरातून उकळत्या पाण्यात पहिल्या 7 तासांत दर चौरस इंचाला 20 मिलिग्रॅमपर्यंत उतरलं तरी चालतं, पण त्यापुढच्या 2 तासांत 1 मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. कारखान्याला यातून मिळणारा धडा अगदी साधा आहे: नवी गॅस्केट बसवली की पहिली बॅच विकायची नसते. गरम पाणी, सीआयपी, पुन्हा पाणी, आणि मग दूध. हे जिथे पाळतात तिथल्या फिटरला कोणीतरी शिकवलेलं असतं. पाळत नाहीत तिथे बहुधा कोणी शिकवलेलंच नसतं.

रबराबद्दल पुस्तकात सर्वांत जास्त पानं आहेत, आणि ती कमी करण्याचा आग्रह मी मानला नाही. स्टीलला टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, मागायची सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे. रबराला कोणी काही मागत नाही. ते दुकानातून मापाने आणतात, काळं असलं तर काळं, पांढरं असलं तर ‘फूडवालं’. पण ईपीडीएम, नायट्राइल, सिलिकॉन, व्हायटॉन यांचे स्वभाव चार भावंडांसारखे वेगळे. ईपीडीएम वाफ आणि कॉस्टिक निमूट सोसतं, पण तेला-तुपात फुगतं. नायट्राइल स्निग्ध पदार्थाला चांगलं, पण उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने कडक होऊन चिरतं. सिलिकॉनचा वास नसतो, दिसतं देखणं, पण दाबाखालची वाफ त्याला सतत झेपत नाही. व्हायटॉन महाग. एका दूधप्रकल्पात तुपाच्या लाइनवर ईपीडीएमच्या रिंगा लावलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. कागद होता, खरा होता, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा होता. फक्त ती चाचणी पाण्यात झाली होती. रिंगा फुगून युनियनच्या कडेने बाहेर आल्या होत्या आणि बोट फिरवलं तर काळं लागत होतं. कागदावर कोणीही खोटं लिहिलं नव्हतं. तो कागद त्या तुपाबद्दल काही बोलतच नव्हता.

मऊ पारदर्शक पीव्हीसी नळीचीही अशीच गोष्ट. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला लवचिक करायला प्लास्टिसायझर घालावं लागतं, आणि पूर्वी ते बहुधा थॅलेट असायचं. थॅलेट स्निग्धांशात विरघळतं. म्हणजे पाण्याला चालणारी नळी दूध काढण्याच्या यंत्राला जोडली की दुधातलं लोणी ते थॅलेट ओढून घेतं. युरोपात डीईएचपी हे थॅलेट आता फक्त स्निग्ध नसलेल्या अन्नासाठी, पुन्हापुन्हा वापरायच्या वस्तूंत, तेही मोजक्या प्रमाणात चालतं. गोठ्यातल्या माणसाला हे नाव माहीत असण्याची गरज नाही. ती नळी दुधासाठी तपासलेली आहे का, एवढं विचारण्याचा हक्क त्याला असायला हवा, आणि उत्तर देणारं कोणीतरी समोर असायला हवं.

स्टीलकडे वळते. 1913 मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारं पोलाद ओतलं तेव्हापासून अन्नाच्या यंत्रांचा इतिहासच बदलला. स्टील गंजत नाही याचं कारण त्यातला क्रोमियम. तो हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचं कवच धरतो. ओरखडा पडला की कवच पुन्हा धरतं. कल्हईला हे जमत नाही; ती उडाली की कल्हईवाल्याची वाट पाहावी लागते, पुन्हा भट्टी, पुन्हा नवसागर, पुन्हा कथील. स्टील म्हणजे आपली कल्हई आपणच करणारं भांडं, असं मी विद्यार्थ्यांना सांगते.

पण प्रत्येक स्टील तसं नसतं. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून 200 मालिकेतल्या स्टीलमध्ये ते कमी करून त्या जागी मँगनीज घालतात. आपल्या बाजारात असं स्टील मुबलक आहे. दिसायला फरक नाही. लोहचुंबक लावून पाहणारे अजूनही खूप आहेत. पण 202 लाही चुंबक चिकटत नाही, आणि दाबून-वाकवून घडवलेल्या खऱ्या 304 ला कधीकधी थोडासा चिकटतो. म्हणजे चुंबक चांगल्याला वाईट ठरवतं आणि वाईटाला चांगलं. टीसीवरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओताचा क्रमांक, पत्र्यावर कोरलेल्या नंबराशी जुळवणं आणि एक्स-रे गनने धातू तपासणं, हे दोन उपाय खरे. गनलाही कार्बन मोजता येत नाही, त्यामुळे 304 आणि 304एल यांतला फरक ती सांगत नाही, आणि जिथे वेल्डिंग आहे तिथे तो फरक महत्त्वाचा असतो: जास्त कार्बनच्या स्टीलमध्ये वेल्डच्या शेजारी क्रोमियम कार्बनकडे पळतो आणि तेवढी रेघ उघडी पडते. आर्गन वेल्डिंगनंतर नळीच्या आत जो निळा-सोनेरी पट्टा दिसतो तोही जखमच असते. आम्लाने साफ करून कवच पुन्हा धरू दिलं नाही तर गंज तिथूनच लागतो.

कोकणातल्या एका कोकम उद्योगात मला हे फार जवळून दिसलं. चालवणाऱ्या ताईंनी कर्ज काढून 304 च्या टाक्या करून घेतल्या होत्या. टीसी होती, हीट नंबर जुळत होता, बफिंग आरशासारखं. दुसऱ्या मोसमात द्रवाच्या पातळीच्या रेघेवर आणि वेल्डच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसू लागली. कोकमाचं आगळ म्हणजे मीठ आणि आम्ल दोन्ही, आणि दोन्ही भरपूर. क्लोराइडला ते कवच भेदायला एवढं पुरतं. तिथे 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असलेलं 316एल हवं होतं, किंवा आंबट-खारट द्रवात तपासलेलं चांगलं प्लास्टिक. ताईंच्या सासूबाई त्या टाकीशेजारी उभ्या होत्या. त्यांनी जन्मभर आगळ चिनीमातीच्या बरणीतच ठेवलं होतं. त्यांचं बरणीचं ज्ञान आणि फॅब्रिकेटरचं 304 चं ज्ञान यांची गाठ घालून देणारं कोणी नव्हतं. त्या टाक्यांचे पैसे बुडाले याचं मला आजही वाईट वाटतं. हे पुस्तक लिहायचं ठरलं ते त्या अंगणात.

अन्नाला शिवायलाच नको अशाही गोष्टी शिवतात. 1968 मध्ये पश्चिम जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलातून हजारो माणसं आजारी पडली. अंगावर पुरळ, डोळ्यांना सूज, नखं काळी, गरोदर बायकांची बाळं काळसर रंगाची जन्मली. तेलाचा वास घालवायच्या यंत्रात नळ्यांमधून तापलेला पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) द्रव फिरत असे, आणि नळीतून तो तेलात गळला होता. त्याच वर्षी, त्याआधी, त्या कारखान्यातल्या तेलापासून बनलेलं खाद्य खाऊन लाखो कोंबड्या मेल्या होत्या. तो इशारा वेळेत कोणी वाचला नाही. 1979 मध्ये तैवानमध्ये तसंच पुन्हा झालं. म्हणून यंत्रातल्या उष्णता वाहणाऱ्या द्रवांना आणि ग्रीस-तेलांना आज वेगळी नोंदणी असते. मिक्सरच्या वर बसवलेल्या गिअरबॉक्समधून थेंब पडू शकतो हे गृहीत धरून तिथे ‘एच-1’ वर्गाचं तेल वापरायचं असतं, आणि अशा खनिज तेलाचा अन्नातला अंश दहा लाख भागांत 10 भागांच्या पुढे जाऊ द्यायचा नसतो.

कायद्यांची हकिगत पुस्तकात सविस्तर आहे, इथे थोडक्यात. युरोपात 2004 चा 1935 क्रमांकाचा नियम सगळ्याचा पाया. त्यातली कसोटी मला मराठीच वाटते: वस्तूतून अन्नात असं काही उतरू नये ज्याने प्रकृतीला धोका होईल, अन्नाची घडण बदलेल किंवा चव-वास बिघडेल. काचेचा पेला आणि काटा ही त्याची खूण. प्लास्टिकसाठी 2011 चा वेगळा नियम आहे. रबरासाठी मात्र सबंध युरोपचा एक असा नियम अजून नाही, आणि जर्मनीसारख्या देशांच्या शिफारशींवर काम चालतं. अमेरिकेत 1920 च्या दशकात तीन संघटनांनी एकत्र येऊन दुधाच्या नळ्यांच्या जोडांची मानकं ठरवली. ‘थ्री-ए’ हे नाव त्या तिघींवरून आलं. आपल्याकडे 1955 च्या भेसळ प्रतिबंधक नियमांत गंजलेलं भांडं, टवके उडालेलं एनॅमल आणि नीट कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं अन्नाला अयोग्य ठरवलं होतं. कल्हईवाल्याचं काम कायद्यात आलं, याचा मला अभिमान वाटतो. 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी अन्नाला थेट लागणाऱ्या वेष्टनासाठी एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आवश्यक केलं. यंत्रांबाबत मात्र परवान्याच्या नियमांतलं परिशिष्ट 4 एवढंच म्हणतं की उपकरणं न गंजणाऱ्या, निर्विष, धुता येण्याजोग्या पदार्थाची असावीत. एका दिवसात पोटात जाणाऱ्या दुधाची पिशवी जितकी काटेकोर तपासली जाते तितकी ते दूध वर्षानुवर्षं वाहून नेणारी नळी तपासली जात नाही. हे बदलायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

कायदा बदलेपर्यंत कागदांची साखळी हाच आधार आहे. राळ बनवणारा मिश्रण करणाऱ्याला लिहून देतो, तो गॅस्केट साच्यात घालणाऱ्याला, तो यंत्र बनवणाऱ्याला, तो कारखान्याला. प्रत्येकाने आपण काय तपासलं आणि पुढच्याने काय तपासायचं ते लिहायचं. साखळी तुटते ती बहुधा मध्ये, लहान वर्कशॉपमध्ये. एमआयडीसीतल्या अशा कित्येक वर्कशॉपांत मी बसले आहे. तिथली माणसं फसवणारी नाहीत. त्यांचं काम पाहून जीव ओवाळावा असं असतं. त्यांच्याकडे कोणी कधी कागद मागितला नाही, आणि मागितला तेव्हा त्यात काय असावं हे सांगितलं नाही.

कागदालाही वय असतं. बिस्फेनॉल-ए हा पदार्थ पॉलिकार्बोनेटच्या काचांत आणि टाक्यांच्या इपॉक्सी लेपांत असतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये त्याची रोजची सुरक्षित मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे 4 मायक्रोग्रॅमवरून 0.2 नॅनोग्रॅमवर आणली. एका फटक्यात 20,000 पटींनी खाली. मग बंदी आली, ती जानेवारी 2025 पासून, काही वस्तूंना मुदत देऊन. टाकी तीच राहिली, लेप तोच राहिला. कालचं प्रमाणपत्र आज अपुरं ठरलं. म्हणून फाइलमध्ये कागद लावून ती कपाटात ठेवू नका, दर वर्षी उघडा, असं मी प्रत्येक कारखान्यात सांगते.

या पुस्तकातलं वासाचं प्रकरण मी एका फिटरकाकांमुळे लिहिलं. दूधसंघात ते तीस वर्षं पंप आणि प्लेटा सांभाळत होते. नव्या गॅस्केटांचा खोका आला होता, सोबत चार पानांचं प्रमाणपत्र, सगळे आकडे मर्यादेत. मी सही करणार तेवढ्यात काका म्हणाले, ‘ताई, थांबा जरा.’ त्यांनी एक गॅस्केट कापून तुकडा काचेच्या ग्लासात टाकला, वर कँटीनमधलं उकळतं पाणी ओतलं आणि बशीने झाकलं. आम्ही चहा घेतला. मग त्यांनी बशी किंचित उचलून ग्लास माझ्या नाकाखाली धरला. जळक्या टायरचा, हलका पण स्पष्ट वास.

‘हे तुमच्या कागदात हाय का?’

नव्हतं. चव-वासाची चाचणी कोणी केलीच नव्हती. मी पेनाला टोपण लावलं, आणि काकांनी खोक्याची चिकटपट्टी पुन्हा नीट दाबून बसवली, परत पाठवायला.